लहान मुलांच्या घराला कारभारी मिळावेत म्हणून

दिनांक : १७ मार्च २०२६

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हा वाशिम.

प्रतिलिपी माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, वाशिम.
मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी चालणाऱ्या लहान, विनाअनुदानित, ना-नफा माँटेसरी बालघरांच्या बिनपगारी कार्यकारी मंडळांसाठी स्वतंत्र धोरण ठरवण्याची शिफारस शासनाकडे करावी आणि जिल्हा पातळीवर शक्य ती व्यवस्था लगेच करावी, याबाबत.

मा. महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, आम्ही खाली सह्या करणारे सात जण जिल्ह्यातल्या एका खेड्यात चालणाऱ्या माँटेसरी बालघराचे कार्यकारी मंडळ आहोत. अध्यक्ष जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. कोषाध्यक्षांचे किराणा दुकान आहे. एक आशाताई, दोन शेतकरी आया, एक सुतार आणि सातवी सचिव, जिची दोन्ही मुले याच घरातून पहिलीत गेली. बालघरात ३४ मुले, दोन ताई आणि एक मदतनीस आहे. अनुदान नाही. फी वर्षातून दोनदा येते : सोयाबीन विकल्यावर आणि तूर विकल्यावर. पावसाने दगा दिला त्या वर्षी एकदाच. आम्ही सातही जण मानधन घेत नाही, प्रवासखर्च घेत नाही. सभेचा चहा आळीपाळीने प्रत्येकाच्या घरून येतो.

संस्थेच्या घटनेप्रमाणे आमचे मंडळ नऊ जणांचे आहे. दोन जागा वर्षभरापासून रिकाम्या आहेत. गावात चांगली माणसे आहेत. त्यांनी बालघराची भिंत सारवून दिली, पाण्याची टाकी बसवून दिली, गॅदरिंगला मांडव घातला. पण मंडळावर या म्हटले की सगळीकडून एकच उत्तर येते : "काम सांगा, येऊन करतो, पण कागदावर नाव नका घेऊ." हे निवेदन या एका उत्तरामुळे लिहावे लागत आहे. आमच्यासारखी शाळा मुलांअभावी बंद पडत नाही. कागदावर नाव द्यायला माणूस मिळेनासा झाला की ती बंद पडते.

बालघराचा कारभार शेजारपाजारच्यांनी पाहावा ही आमची हौस नाही. ती या पद्धतीच्या मुळातलीच गोष्ट आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालघर ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत, कामकऱ्यांच्या चाळीतच सुरू झाले. चाळीतल्या कुटुंबांनी ते आपले सामाईक घर मानावे, अशी त्यामागची कल्पना होती. भिंतीवर नियम लावले होते, आणि आयांनी आठवड्यातून एकदा तरी बाईंना भेटून मुलाविषयी बोलावे, हा त्यातलाच एक नियम होता. आपल्याकडे हे काम ताराबाई मोडक यांनी आणले. लग्नानंतर त्या काही काळ अमरावतीत राहिल्या, म्हणजे आमच्याच विभागाच्या ठिकाणी. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी काम केले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले. १९४५ मध्ये त्या मुंबई सोडून बोर्डीला गेल्या आणि तिथून कोसबाडच्या टेकडीवर. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा. आजचा दिवस आम्ही मुद्दाम निवडला आहे. महागडी साधने आदिवासी पाड्यावर चालणार नाहीत हे या दोघींनी ओळखले आणि गावात मिळेल त्या वस्तूंतून साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज सरकारी योजनेच्या पाटीवर जो 'अंगणवाडी' शब्द आहे, तो त्या अंगणातून आलेला आहे. एका नोंदणीकृत संस्थेच्या मूठभर कार्यकर्त्यांनी केलेला हा प्रयोग होता. म्हणून लहान मुलांच्या शिक्षणात सरकारच्या बाहेरच्या लहान संस्थांना जागा असावी, हे आम्ही हक्काने म्हणतो.

आता आमच्या मंडळाचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका प्रसंगातून सांगतो. आमच्याकडे गुलाबी मनोरा आहे. दहा घन, सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा. मंडळावरच्या सुतारकाकांनी तो सागवानात करून दिला. गेल्या पावसाळ्यात त्यातला सर्वांत लहान घन हरवला. चार वर्षांच्या एका मुलाने नऊ घन रचले, वरची रिकामी जागा बोटाने दाखवली आणि विचारले, "ताई, थो लहाना कुठी गेला?" तो मनोरा मोडायला तयार होईना. चटया उचलून पाहिल्या, कपाटे सरकवून पाहिली. घन सापडला नाही. सुतारकाकांनी दुसऱ्या दिवशी नवा करून आणला. महिन्याच्या सभेत कोषाध्यक्षांनी विचारले की याची नोंद कशी करायची? मंडळावरच्या माणसाने संस्थेकडून कोणत्याही कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा आमचाच ठराव. काकांनी पैसे मागितलेही नव्हते. पण फुकट आलेली वस्तूही हिशेबात दिसली पाहिजे, असे कोषाध्यक्षांचे म्हणणे. शेवटी बोटाच्या पेराएवढ्या लाकडाची वस्तुरूप देणगी म्हणून पावती फाडली आणि साधनांच्या नोंदवहीत तो घन चढवला. ती पावती आजही फायलीत आहे. आम्ही नियमांना कंटाळलेली माणसे नाही, हे आपल्या ध्यानात यावे म्हणून हा तपशील दिला.

दुसरा प्रसंग दुःखाचा आहे. आमचे आधीचे कोषाध्यक्ष आषाढात अचानक वारले. बँकेच्या खात्यावर दोघांच्या संयुक्त सह्या लागत, त्यातली एक त्यांची. आम्ही सर्वसाधारण सभा घेऊन नव्या कोषाध्यक्षांची निवड केली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. आम्ही मुदतीत चेंज रिपोर्ट दाखल केला, पण त्यासोबत नव्या कोषाध्यक्षांचे संमतीपत्र जोडायचे राहिले आणि सभेची नोटीस सर्वांना मिळाल्याची पोचही नव्हती. ही चूक आमची होती, कोणत्याही कार्यालयाची नव्हे. पूर्तता करेपर्यंत सोयाबीनची सोंगणी सुरू झाली आणि गणपूर्तीला माणसे मिळेनात. तिकडे आमचे खाते असलेल्या बँकेने नवी नावे चढलेली शेड्यूल वनची, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीची, नक्कल आणल्याशिवाय धनादेश वटवायला नकार दिला. खात्यात पैसे होते, ते काढता येत नव्हते. पाच महिने दोन्ही ताईंचा पगार आम्ही आपापल्या घरून दिला. संस्थेसाठी उसने घ्यायचे तर कलम ३६-अ प्रमाणे आधी परवानगी लागते, म्हणून तो सगळा पैसा देणगी म्हणूनच दाखवला. ज्यांच्या घरी त्या वर्षी शेंगा भरल्या नव्हत्या, त्यांनीही दिला. मंडळातल्या एका आईने बचत गटातून उचल घेतली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

गावाने हे सगळे पाहिले. त्यानंतर कोण कागदावर नाव देईल?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी आहे. विश्वस्त व्यवस्था अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. विश्वस्तांच्या नावांतला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता स्वीकारता येतो, मग ३० दिवस हरकतींसाठी ठेवता येतात, अशी सोय त्यात आहे. ही सोय चांगली आहे, पण खेड्यातल्या मंडळापर्यंत ती पोचलेली नाही. आम्हाला स्वतःला ती सगळा त्रास सोसून झाल्यावर समजली. जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा येथे, वर्षातून एकदा लहान शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शन शिबिर घ्यावे. चेंज रिपोर्टला काय जोडायचे, नोटीस कशी काढायची, इतिवृत्त कसे लिहायचे हे तिथे कागद हातात घेऊन शिकवावे. शिबिर पेरणी किंवा सोंगणीच्या दिवसांत ठेवू नये. याच मागणीचा दुसरा भाग असा की, बँकांची जिल्हास्तरीय सल्लागार समिती आपल्या अध्यक्षतेखाली भरते. तात्पुरत्या स्वीकृतीचा आदेश आणि सर्वसाधारण सभेचा ठराव पाहून बँकांनी निदान पगार, वीजबिल आणि भाडे एवढ्यापुरते व्यवहार सुरू ठेवावेत, असा निर्णय अग्रणी बँकेमार्फत त्या समितीत व्हावा. एका विश्वस्ताच्या मृत्यूने शिक्षिकेचा पगार अडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

दुसरी मागणी ओळखीची. आमचे बालघर आज नेमके काय आहे, हे आम्हाला कोणी सांगू शकत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी राज्याने व्यवस्था करावी, असे त्याच्या कलम ११ मध्ये म्हटले आहे, पण ते बंधन म्हणून नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीची तरतूदही आम्हाला लागू नाही. आम्ही अंगणवाडी नाही, आणि बाजारात फी घेऊन चालणारी नर्सरीही नाही. गावात विचारणारा विचारतो, "तुमची शाळा मान्यतेची आहे का?" आणि आमच्याकडे दाखवायला फक्त संस्थेच्या नोंदणीचा कागद असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडाही आला. मग ना-नफा, पालक आणि गावकऱ्यांच्या मंडळाने चालवलेल्या लहान बालघरांचा वेगळा वर्ग शासनाने करावा, त्यांची जिल्हा पातळीवर नोंद ठेवावी, अशी शिफारस आपण करावी.

ही नोंद करताना एक गोष्ट कृपया जपावी. माँटेसरी वर्गात तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र असतात. पाच वर्षांची मुलगी तीन वर्षांच्या मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवते, आणि तिचे स्वतःचे शिकणेही त्यातूनच पक्के होते. नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर असे तीन वर्ग आणि तीन खोल्या दाखवा, अशी अट घातली तर आमची पद्धतच मोडेल आणि तिसरी खोली बांधायला पैसाही नाही. खोलीची लांबी-रुंदी, स्वच्छतागृह, आग विझवायची सोय, पाणी, कुंपण यांची कडक तपासणी करावी. मुलांना वयानुसार वेगळे बसवण्याची सक्ती मात्र करू नये.

भाषेबद्दलही तसेच. आमच्याकडे तांड्यावरची मुले येतात, त्यांची घरची बोली गोरमाटी. पोहरादेवी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे वेगळे सांगायला नको. ताई खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवायला देतात. एका मुलीने 'य' वर बोट फिरवले, आणि ताईंनी यंत्र किंवा यज्ञ न म्हणता 'याडी' म्हटले. मुलगी एकदम मान वर करून पाहू लागली. आपल्या आईला जी हाक आपण घरी मारतो, ती या अक्षरात आहे, हे तिला तिथे कळले. बालघरांच्या नोंदणीत घरच्या बोलीत शिकवण्याला पूर्ण मोकळीक असल्याचे स्पष्ट लिहावे.

तिसरी मागणी आमच्यावरच बंधने घालणारी आहे, आणि ती आम्ही विचारपूर्वक करत आहोत. लहान संस्था बिघडतात त्या बहुधा आतून. एकाच घरातले नवरा, बायको, भाऊ, मेहुणा मंडळावर येतात, शाळेची खोली त्यांच्याच जागेवर असते, तिचे भाडे तेच ठरवतात, आणि दहा वर्षांनी गावाची शाळा त्या घराची होऊन जाते. विश्वस्तांचा कार्यकाळ मुख्यतः संस्थेच्या घटनेवर अवलंबून असतो. घटना बहुतेक वेळा दुसऱ्या संस्थेची नक्कल असते. म्हणून धर्मादाय आयुक्तांनी लहान बालघरांसाठी मराठीत, एक-दोन पानांची नमुना नियमावली प्रसिद्ध करावी. तीन वर्षांची मुदत असावी आणि लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा कोणी निवडून येऊ नये. जवळच्या नात्यातली दोन माणसे एका वेळी मंडळावर नसावीत. मंडळावरच्या कोणी संस्थेकडून पगार, भाडे किंवा कंत्राट घेऊ नये. निम्म्या जागा बायकांना असाव्यात. सध्या शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना किमान दोन जागा असाव्यात. ऑडिट झालेला हिशेब दरवर्षी पालकांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. जे मंडळ हे पाळेल, त्यालाच वर मागितलेल्या सवलती मिळाव्यात. न पाळणाऱ्याला मिळू नयेत.

त्याच नियमावलीत मंडळाने काय करू नये, तेही लिहिलेले असावे. पैसा, इमारत, मुलांची सुरक्षितता, ताईंची नेमणूक आणि त्यांचा पगार हे मंडळाचे काम. कोणत्या मुलाने आज कोणते साधन घ्यायचे, पेन्सिल कधी धरायची, हे ताईंचे काम. ही रेघ पुसली की भांडण सुरू होते, आमच्याकडेही झाले. काही पालकांची तक्रार आली की पोरे घरी काही लिहून आणत नाहीत. मंडळातल्या तिघांनी गृहपाठाची वही सुरू करा असा ठराव मांडला. ताईंनी शांतपणे नकार दिला आणि एवढेच म्हटले की, आधी एक सकाळ वर्गात बसून पाहा, मग ठराव करा. आम्ही सात जण सकाळी नऊ ते अकरा भिंतीला टेकून, एक शब्द न बोलता बसलो. एक मुलगा पितळी पेला चिंचेने घासत होता. त्याने तो धुतला, पुसला, उन्हाकडे धरून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला. कोणी सांगितले नाही, कोणी शाबासकी दिली नाही. तो उठला तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. ठराव त्याच संध्याकाळी मागे घेतला गेला, आणि प्रत्येक सदस्याने वर्षातून एक सकाळ अशी वर्गात बसून काढायची, असा नवा ठराव झाला. ही अट नमुना नियमावलीत जरूर असावी.

जागेची मागणी थोडक्यात सांगतो. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत पट कमी झाल्यामुळे खोल्या वापराविना आहेत, तिथली एक खोली अशा बालघराला नाममात्र भाड्याने, लेखी करारावर द्यावी. आमची मुले सहाव्या वर्षी त्याच शाळेत पहिलीत जातात, त्यामुळे शाळेचा पट वाढेल. अंगणवाडीशी आमची स्पर्धा नाही. मुलांचे वजन, उंची, लसीकरण आणि पोषण आहार अंगणवाडीतूनच चालावे. दोन्हींच्या वेळा एकमेकींत अडकणार नाहीत, एवढे पर्यवेक्षिका आणि आम्ही बसून ठरवू शकतो. तशी सूचना वरून यावी.

आणि ताईंचे प्रशिक्षण. माँटेसरीचे शिक्षण घ्यायचे तर आमच्या मुलींना पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. बारावी झालेली, लग्न झालेली, लहान मूल असलेली मुलगी वर्षभर तिकडे राहू शकत नाही. आमच्या मोठ्या ताई गेल्या त्या मुलाला माहेरी ठेवून, आणि परत आल्या तेव्हा मूल त्यांना ओळखेना. ही किंमत कोणी पुन्हा मोजू नये. वाशिम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, शिक्षण हा त्या कार्यक्रमातला एक मुख्य विषय आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने सुट्ट्यांत टप्प्याटप्प्याने चालणारा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू करावा, त्यात साधने हाताने बनवण्याचे काम असावे आणि अंगणवाडी सेविकांनाही जागा असाव्यात. साधने करून दाखवायला आमचे सुतारकाका बिनपैशाने येतील. त्यांनी तसे लिहून दिले आहे.

महोदय, परवा गुढीपाडवा. त्या दिवशी बालघरात पाटीपूजन होते आणि नव्या मुलांची नावे वहीत चढतात. यंदा नऊ नावे आली आहेत. दुपारी सर्वसाधारण सभा आहे आणि मंडळाच्या दोन रिकाम्या जागांसाठी निवड आहे. एका तरुण शेतकऱ्याने आणि टेलरिंग करणाऱ्या एका आईने अजून हो-नाही सांगितलेले नाही. दोघांनीही विचारले आहे, "काही झालं तं आमच्यावर काय येईल?" या निवेदनावर आपल्या कार्यालयातून एखादे उत्तर आले तर आम्हाला त्यांना काही सांगता येईल.

आपण स्वतः एकदा बालघरात यावे, अशी नम्र विनंती आहे. सत्कार, हार, भाषण काही ठेवणार नाही. सकाळी नऊ ते अकरा. चपला बाहेर काढून भिंतीशी चटईवर बसायचे आहे. मुले आपल्याकडे फारसे पाहणार नाहीत, कारण ती कामात असतील.

कळावे,

आपले विश्वासू,

अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि चार सदस्य,
कार्यकारी मंडळ, माँटेसरी बालघर,
जिल्हा वाशिम.

(सोबत : कार्यकारी मंडळाच्या ठरावाची प्रत, गेल्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशेब, आणि ५२ पालक व गावकऱ्यांच्या सह्यांचा कागद. ज्यांना सही करता आली नाही, त्यांनी अंगठा दिला आहे.)